हाकाऱ्याचा वाटा

अहो,

काल मी वाघ्याशी फोनवर बोलले. तुम्हाला खोटं वाटेल. तुमच्या यार्डातल्या हेन्ड्रिकसाहेबाचा आफ्रिकेहून फोन आला होता. महेश ऑफिसात, इरा शाळेत, घरात मी एकटी. एरवी असा फोन वाजला की मी तो तुमच्या हातात नेऊन द्यायची. काल द्यायला कुणी नव्हतं, म्हणून उचलला. त्याचं इंग्लिश मला अर्धं कळतं, माझं त्याला पाव कळतं. दोघंही नुसते हॅलो हॅलो करत राहिलो. मग तो म्हणाला, "वाघ्या हिअर. ओल्ड मॅन नाऊ. यू टॉक?" आणि त्यानं फोन कुत्र्याच्या कानाला लावला.

मी म्हटलं, "वाघ्या." काही नाही. परत म्हटलं. लांबून हेन्ड्रिकचा आवाज आला, "लाउडर, मिसेस! ही इज डेफ!"

तेव्हा मी ओरडले. सिंगापूरच्या या घरात इतकी वर्षं काढली, पण असा आवाज या भिंतींनी माझ्याकडून कधी ऐकला नव्हता. शेजारच्या मलय मावशी दार उघडून बाहेर आल्या, "ओके आह? ओके?" म्हणून विचारायला लागल्या. आणि तिकडून तो भुंकला. तोच आवाज, जरा खरखरीत झालेला.

मग मी त्याला विचारलं. काय विचारलं ते तुम्हाला सांगायला नको. "खरं सांग रे, त्या संध्याकाळी यांना कुणी आणलं? तू, की मी?"

तो पुन्हा भुंकला. आता याचा अर्थ कुणी काढायचा? तुम्ही असता तर लगेच म्हणाला असता, "आयकलंस? तो म्हणता, मीच आणलंय."

तेरावं झालं. गावाहून आलेले भावजी परत गेले. महेश म्हणतो, आई, आता वुडलँड्सचं घर बंद करून आमच्याकडे बुकित पंजांगला चल. बघू म्हटलं. अजून तुमची चप्पल दाराशी आहे. माझं शिक्षण चौथीचं, मला लिहायचं म्हणजे हात दुखतो. पण आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि माझ्या वाट्याचं अर्धं माझ्या पोटात आहे. ते कुठेतरी ठेवायला हवं.

तुम्ही गावच्या पारधीत हाकारे होतात. लग्नानंतर किती वेळा ते ऐकलं मी. बंदुका मोठ्या घरांकडे. ते झाडाच्या आडोशाला बसायचे आणि तुमच्यासारखी पोरं डबे बडवत, आरडाओरडा करत रान उठवायची, की डुक्कर त्यांच्यापुढे जाईल. बंदूक कधी हातात आली नाही तुमच्या. पण वाटे पडायचे तेव्हा हाकाऱ्याला वाटा असायचाच. जो ओरडला त्याला वाटा, आणि कुत्र्याला वाटा. ते सांगताना तुमची मान ताठ व्हायची. आता ते सगळं बंद झालं, कायद्यानं बंद झालं, आणि बरंच झालं असंही तुम्हीच म्हणायचात.

जहाजदुरुस्तीच्या यार्डात तुम्ही फिटर आणि हेन्ड्रिक तुमच्या वरचा साहेब. इंजिनाच्या खोलीत घामाघूम होऊन त्याला या गोष्टी सांगायचात. तो रिटायर होऊन भावाच्या शेतावर गेला, आणि तुम्ही रिटायर झालात तेव्हा त्याचा निरोप आला. ये. तंबू ठोकू. तिकडे कुडू म्हणून काळविटाच्या जातीतलं मोठं जनावर असतं, सरकारचा परवाना काढतो, यावेळी बंदूक तू धर.

तुमचा चेहरा मला अजून दिसतो. सायकल मिळालेल्या मुलासारखा.

मी म्हटलं, जाऊन या. तुम्ही म्हणालात, "तू पण येतलंस."

"मी येऊन काय करू? मला बोलता येत नाही, काही नाही."

"गाऱ्हाण्याक होय म्हणूक माणूस नको?"

देवापुढच्या गाऱ्हाण्याला मी बाई होय म्हणणार, मला वाटलं चेष्टा करताय. विमानात बसल्यावरही तसंच वाटत होतं.

तिथली थंडी! सिंगापूरला इतकी वर्षं राहून मी थंडी विसरलेच होते. साडीखाली तुमची पँट घालून, वर महेशचं जुनं जॅकेट घालून बसलेली मी, आणि चहूकडे काटेरी झाडं, लाल माती, एक कोरडी नदी, तिच्यात पाण्याऐवजी वाळू. हेन्ड्रिकनं तंबू ठोकला. मी तीन दगड मांडले. तो गॅस पेटवायला निघाला होता, तुम्ही त्याला म्हणालात, राहू दे, तिचं तिला करू दे. मालवणी मसाला कढईत पडला तसा तो कुत्रा तंबूमागून आला आणि माझ्याजवळ येऊन बसला. तपकिरी, एक कान फाटलेला. त्याचं खरं नाव आपल्या दोघांच्याही तोंडात बसेना, म्हणून तुम्ही त्याला वाघ्या केलात. जखमी जनावराचा माग काढायला शिकवलेला कुत्रा होता तो. मी कुत्र्यांना घाबरते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला आणि पाय काढून घ्यायची माझी हिंमत झाली नाही.

सकाळी निघायच्या आधी तुम्ही खरंच गाऱ्हाणं घातलंत. त्या दगडांपुढे उभं राहून, टोपी काढून.

"बा देवा म्हाराजा, हयच्या देवाचा नाव माका म्हायत नाय, तरी मानून घे. रान तुझा, जनावर तुझा. आमी पाहुणे. काय चुकला माकला तर सांभाळून घे म्हाराजा!"

आणि माझ्याकडे बघितलंत.

गावी गाऱ्हाण्याला होय म्हणायचं ते पुरुषांनी. आम्ही बाया मागे उभ्या राहायच्या, मनात म्हणायच्या. मी इकडेतिकडे बघितलं. मागे उभं राहायला मागे कुणी नव्हतंच.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"देवाक आयकाक येवक नाय."

"व्हय म्हाराजा."

"तुझो आवाज म्हंजे डासाचो," तुम्ही म्हणालात. हेन्ड्रिकनं आपली हॅट काढली आणि काय चाललंय ते न कळताच "वाय माराजा!" असा दणक्यात आवाज दिला. तुम्ही इतके हसलात की गाऱ्हाणं मोडलं म्हणून मला काळजी वाटली.

पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यानं कळलं, थोडं हेन्ड्रिककडून, थोडं तुमच्याकडून. दुपार कलली तेव्हा तुम्हाला तो दिसला. म्हातारा नर, घोड्याएवढा, अंगावर चुन्याच्या बारीक रेघा ओढल्यासारखे पट्टे, शिंगं पिळाची. तुम्ही बार काढलात. लागला, पण हवा तिथे लागला नाही. तो रक्त सांडत काट्यात शिरला.

तिकडचा नियम असा की जखमी केलंस तर शोधायचं, सोडून यायचं नाही. हेन्ड्रिक गाडी आणायला निघाला, पलीकडच्या वाटेनं फिरून येतो म्हणाला. तुम्हाला एका झाडाखाली बसवून, कुत्र्याची दोरी हातात देऊन बजावून गेला. बंदुकीत एकच गोळी राहिलीय. इथून हलू नकोस.

त्याचं काही चुकलं नाही. त्याला काय ठाऊक, हाकाऱ्याला बसायला सांगून चालत नाही. बंदूकवाला बसतो. हाकारा कुत्रा जाईल तिकडे जातो. आयुष्यात पहिल्यांदा बंदूक हातात आली होती तुमच्या, पण पाय हाकाऱ्याचेच होते. वाघ्यानं दोरी ओढली आणि तुम्ही निघालात.

झाडाखाली तुम्ही सापडला नाहीत म्हणून हेन्ड्रिक गाडी घेऊन तंबूशी आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. "ही इज हिअर?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. त्याचा चेहरा बघून मी ताट खाली ठेवलं. फायर, बिग फायर, म्हणाला, कढईकडे बोट दाखवून वाजवून दाखवलं आणि गाडी घेऊन परत गेला.

मी लाकडं घातली. कढई वाजवली. सूर्य खाली चालला होता. मग लांबून एक बार ऐकू आला. एकच. कुठून आला ते कळेना, त्या मोकळ्या जागेत आवाज चारी बाजूंनी येतो. म्हटलं, जनावर मिळालं. आता येतील. आला नाहीत. उजेड पिवळा होता तो लाल झाला. झाडं सगळी सारखी दिसायला लागली. वारा माझ्याकडून नदीकडे सुटला होता आणि कढईचा आवाज मलाच पोकळ वाटायला लागला. कढई कुणीही वाजवेल. ती कुठली, कुणाची, हे कसं कळणार तुम्हाला?

तेव्हा मी मोठ्या दगडावर चढले. काय ओरडायचं ते सुचेना. तुमचं नाव मी कधी घेतलं नाही, उखाण्यातसुद्धा लाजत घेतलं होतं. ते तोंडातून निघेना. मग जे माहीत होतं तेच ओरडले.

"व्हय म्हाराजा!"

पहिला आवाज डासाचाच निघाला. दुसरा जरा बरा. मग मला माझं कळेनासं झालं. छातीत कुठेतरी दार होतं ते उघडलं असं वाटलं. मी ओरडत राहिले. गाऱ्हाणं कुणी घातलं नव्हतं आणि मी आपली होय म्हणत होते, होय म्हाराजा, होय म्हाराजा. घसा फाटला, तोंडात रक्ताची चव आली, तरी ओरडले.

आणि वाळूतून तुम्ही आलात. बंदूक पाठीला आणि दोन्ही हातांत वाघ्या, लहान मुलासारखा धरलेला. त्याच्या पुढच्या पायाला मोठी जखम झाली होती, कुडूचा खूर लागला होता. तुमचा शर्ट रक्तानं भरलेला. मला वाटलं तुमचंच. मी दगडावरून उतरले ती जवळजवळ पडलेच.

तुम्ही वाघ्याला आगीपाशी ठेवलंत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "माका कुत्र्यान आणल्यान."

मी बोलायला तोंड उघडलं तर आवाजच नाही. दोन दिवस नव्हता. या भांडणाची सुरुवात अशी झाली, की माझ्याकडे भांडायला घसा नव्हता. त्याचा तुम्ही पुरेपूर फायदा घेतलात.

त्या झाडीत शेवटी काय झालं, शेवटची गोळी घालताना तुम्हाला काय वाटलं, हे तुम्ही कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. फक्त रात्रीचं जेवण तुम्हाला गेलं नाही. आणि पुन्हा बंदुकीचं नाव तुम्ही काढलं नाहीत. हेन्ड्रिकनं शिंगं देऊ केली, भिंतीवर लाव म्हणाला, तर म्हणालात, नको, वुडलँड्सच्या भिंतीला पेलायची नाहीत.

सकाळी हेन्ड्रिकची माणसं मांस घेऊन आली, तेव्हा तुम्ही गावासारखे वाटे घालायला बसलात. हिरवी पानं कुठून मिळणार, म्हणून माझा टॉवेल अंथरलात. हेन्ड्रिकचा वाटा. त्या माणसांचे वाटे. वाघ्याचा, त्याच्या बांधलेल्या पायापुढे नेऊन ठेवलात. तुमचा, बंदूकवाल्याचा. मग एक राहिला. तो उचलून तुम्ही माझ्यापुढे ठेवलात.

मी खुणेनं विचारलं, हा कुणाचा?

सुरी धुवायला गेलात.

हा माझा पुरावा. आवाज परत आल्यावर पहिल्यांदा मी हाच मांडला. "जो ओरडतो त्याला वाटा, हे तुमचंच. मग तो वाटा मला का दिलात?"

"तो रांधपाचो," तुम्ही म्हणालात. "स्वयंपाक कोण करणार होता?"

"आणि कुत्रा तर तुमच्या हातात होता. हातातला कुत्रा वाट कशी दाखवील?"

"नाकान. नाक खय मोडला होता त्याचा? नाक फिरवल्यान की मी फिरायचो."

इतकी वर्षं हे चाललं. महेशपुढे, सूनबाईपुढे, गणपतीला आलेल्या पाहुण्यांपुढे. कुणी म्हटलं, काका, ती आफ्रिकेची गोष्ट सांगा, की तुम्ही माझ्याकडे बघत बघत सांगायचात आणि शेवटी, "मगे कुत्र्यान आणल्यान," म्हणून टाळी घ्यायचात. मी स्वयंपाकघरातून म्हणायची, "तुमका आयकाक इला होता की नाय, ता एकदा सांगा." तुम्ही म्हणायचात, "काय? आयकाक येवक नाय, मोठ्यान बोल." सगळे हसायचे. मीही हसायची. हसत हसत मला खरंच हवं होतं ते उत्तर. मी कधी कुणाला हाक मारली नाही. बसमध्ये स्टॉप गेला तरी बेल दाबायला लाजणारी बाई मी. एकदाच ओरडले. ते पोचलं का, एवढंच मला कळायला हवं होतं.

पण एक सांगते. तेव्हापासून आपल्या घरच्या गणपतीला गाऱ्हाण्यावर होय म्हणायला तुम्ही मला पुढे उभं करायला लागलात. मागच्या खोलीतून बोलावून. इरा चालायला लागली तशी तीही माझ्या बोटाला धरून "वय माराजा" म्हणायला लागली. आणि मटण झालं की मसाला घालायच्या आधी चार तुकडे वाघ्याच्या नावाचे बाजूला काढून तुम्ही खाली न्यायचात, तळमजल्यावरच्या चिनी अंकलच्या कुत्र्याला. मी कटकट करायची, लिफ्टमध्ये वास सुटतो म्हणून. ती कटकट मी परत घेते.

हॉस्पिटलात तुम्ही बोलेनासे झालात. डॉक्टर म्हणाले, आता फक्त त्रास होऊ द्यायचा नाही. फिलिपिनो नर्स मला रोज म्हणायची, "आंटी, टॉक टू हिम. ही कॅन हिअर." वॉर्डात इतर माणसं. पलीकडच्या खाटेशी एका म्हाताऱ्याचं अख्खं कुटुंब बसलेलं. मी तुमचा हात धरून बसायची. मनात बोलायची, बाया मागे उभ्या राहून बोलतात तसं.

त्या दुपारी इरा शाळेतून थेट आली होती, युनिफॉर्मवर. खाटेच्या दांड्याला धरून उभी. "आजी, यू टॉक लाह," म्हणाली. मी वाकून काहीतरी पुटपुटले. "सो सॉफ्ट! आजोबा कॅनॉट हिअर. लाउडर!"

तेव्हा मी पडदा ओढला, उभी राहिले आणि गाऱ्हाणं घातलं. बाईनं कधी घातलेलं मी ऐकलं नाही. मी घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या हॉस्पिटलच्या देवाचा नाव माका म्हायत नाय, तरी मानून घे. हो माझो माणूस वाटेक लागलोहा. त्येका माघारी आण म्हणान मी सांगणय नाय. जय जाऊचा आसा थय उजेड आसा तवसर सुखरूप पोचव. वाटेत कुत्रो नसलो तरी माझो आवाज आसा, त्याच्यार त्येका चलूक दी म्हाराजा!"

"वय माराजा!" इरा ओरडली. पलीकडच्या कुटुंबातलं कुणीतरी पडदा सारून डोकावलं.

तुमचे ओठ हलले. मी कान जवळ नेला. शब्द फुटका होता, अर्ध्यावर श्वास संपला. पण मी तो इतक्या वेळा ऐकलाय की अर्धाही पुरला.

"कुत्र्यान..."

इरानं माझा पदर ओढला. "आजोबा सेड व्हॉट? ही वॉन्ट्स डॉग?"

"नाय गो बाय," मी म्हटलं. "आजोबा भांडतायत माझ्याशी."

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरले. नर्स धावत आली, तिला वाटलं काय झालं. काय झालं ते तिला कुठल्या भाषेत सांगणार होते मी? ज्याला ऐकू येत नाही तो माणूस भांडत नाही. एवढंच झालं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तुम्ही गेलात, शांतपणे.

तुम्ही गेल्यावर आज पहिल्यांदा घरात मटण केलं. महेश, सूनबाई, इरा जेवायला आहेत. मसाला घालायच्या आधी चार तुकडे काढले आणि मीच खाली घेऊन गेले. अंकल पाठमोरे बसले होते, कानात रेडिओची वायर. एरवी मी तिथेच डबा धरून उभी राहिले असते, ते वळेपर्यंत. आज हाक मारली. अंकल दचकले. कुत्रा आधीच शेपटी हलवत उठला होता.

मग वर येऊन वाटे घातले. तुमचा घातला. इराला विचारलं, अजून कुणाचा राहिला? ती म्हणाली, "आजी'ज. द शाउटिंग वन."

तो मी माझ्या पानात वाढून घेतलाय. स्वयंपाकाचा म्हणून नाही.